दोन किलोमीटरची लाईन

वनरक्षकाच्या भरतीत महिला उमेदवारांना 4 तासांत 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. पुरुषांना तेवढ्याच वेळात 25. धावण्याची चाचणी वेगळी, ही वेगळी. मी घाटंजी तालुक्यातली. गावाबाहेरच्या डांबरी रोडवर आम्ही मैत्रिणी पहाटेच्या अंधारात हात झपाझप हलवत चालायचो आणि सायकलवरचे दूधवाले विचारायचे, "कुठी आग लागली वं पोरीहो?" पोटऱ्या भरून यायच्या, पण तासाला 4 किलोमीटरचा हिशेब पायात पक्का बसला. त्याच हिशेबावर नोकरी लागली.

टिपेश्वर अभयारण्यात बीट मिळालं आणि पहिल्याच गस्तीत तो हिशेब बिनकामाचा ठरला. सोबत वनमजूर होते, कोलाम पोडावरचे, वयानं माझ्या वडिलांहून मोठे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. अर्धा तास ते मागून मुकाट्यानं आले. मग म्हणाले, "मॅडम, परीक्षा झाली न तुमची? मंग कायले पळून रायल्या? तुम्ही पुढं चालल्या अन् जंगल तुमच्या पुढं पळून रायलं."

टिपेश्वर नकाशावर लहान आहे. 148 चौरस किलोमीटर आणि वर थोडं. 1997 मध्ये अभयारण्य झालं, नाव टिपाई देवीवरून. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत ते पसरलंय, पलीकडे थोड्या अंतरावर तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गानं नागपूर आणि हैदराबाद दोन्हीकडची माणसं वाघ बघायला येतात, सुन्ना किंवा माथनीच्या गेटवरून जिप्सीत बसतात, तीन-चार तासांत परत जातात. गाडीतून खाली पाय ठेवायला त्यांना परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. पायी चालायचं ते आम्ही.

रोजची गस्त असतेच. पण दर चार वर्षांनी एक चालणं असं येतं की त्याला ठरलेलं अंतर, ठरलेली वेळ, ठरलेली पद्धत असते. देशभरातल्या व्याघ्रगणनेचा हा पहिला टप्पा. कॅमेरे नंतर लागतात. आधी प्रत्येक बीटमधला माणूस पायी फिरतो. तीन दिवस, दिवसाला 5 किलोमीटर, मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत. त्यानंतर तीन सकाळी एका सरळ रेषेवरून, तृणभक्षी मोजत. एवढं सगळं मिळून अंतर तसं काही फार होत नाही. भरतीच्या वेळी एका सकाळीत आम्ही त्यातलं बरंच उरकलं असतं. इथं त्याला आठवडा जातो आणि माणूस दमून जातो.

मी सांगतेय ते 2022 च्या गणनेचं. त्याआधीच, 20 नोव्हेंबर 2021 ला, ताडोब्यात याच कामासाठी पायी निघालेल्या एका वनरक्षक महिलेवर वाघिणीनं हल्ला केला आणि ती गेली. बातमी आमच्या ग्रुपवर आली तेव्हा मी बाजारात तुरीची डाळ घेत होते. आईचा फोन अर्ध्या तासात आला. ती काही बोलली नाही. जेवली का, एवढंच विचारलं, दोनदा. आम्ही आपसात ठरवलं की चौघांपेक्षा कमी निघायचं नाही, झुडपात वाकून काही बघायचं झालं तर बाकीच्यांनी चारी दिशांना तोंड करून उभं राहायचं, आणि अस्वलाच्या जागी टाळ्या वाजवत जायचं. वाघापेक्षा मला अस्वलाची धास्ती जास्त. वाघाला आपण येतोय हे आधी कळलेलं असतं. अस्वल वारुळात तोंड खुपसून बसलेलं असतं आणि दचकलं की सरळ अंगावर येतं.

खुणांच्या चालण्यात रस्ता आपण निवडायचा असतो, आणि तो वाघाच्या डोक्यानं निवडायचा असतो. वाघ काट्याकुट्यातून उगाच जात नाही. जंगलरस्ता, जाळरेषा, कोरडा नाला, जनावरांची पायवाट, जिथं पाऊल मऊ पडतं आणि आवाज होत नाही तिथून जातो. जानेवारीत सागाची पानं वाळून खाली आलेली असतात आणि पायाखाली पापडासारखी मोडतात. त्यामुळं आम्हीही नाल्याच्या वाळूतूनच जात होतो. सकाळी नाल्यात थंडी साठून असते. वर टेकडीवर ऊन पडलेलं दिसतं आणि खाली हाताची बोटं वाकत नाहीत, पेन धरवत नाही.

पहिल्या दिवशी दुसऱ्या वळणावर पाऊल मिळालं. वाळू ओलसर होती, ठसा स्वच्छ. चार बोटं, मागं गादी, नखं नाहीत. लांबट होता, म्हणजे मादीचा असावा. नराचा चौकोनाकडे जातो. मी फोन काढला, जागेची नोंद घेऊ लागले, "ताजं" असं लिहिणार एवढ्यात मामा खाली बसले. त्यांनी वाळलेल्या काडीनं ठशाच्या आत दाखवलं. गादीच्या खोलगट भागात बारीक बारीक खड्डे होते, वरच्या धावड्याच्या फांदीवरून दव टपकून पडलेले. एका बोटाच्या कडेवरून किड्याची बारीक शिवण गेली होती, आरपार. आणि कडा उभी राहिली नव्हती, कणाकणानं आत घसरली होती. "दव याच्यावर पडलं. म्हणजे पहाटेच्या आधीचं. किडा रातचा चालते. अन् हे कडा पाहा, काल दुपारचं ऊन खाल्लं हिनं. परवा रातची हाय." मी खोडलं आणि "जुनं" लिहिलं. फॉर्ममध्ये एवढ्या छटांना जागा नाही.

पुढं एका ऐनाच्या खोडाशी वास आला. खोडावर वाघानं मागून फवारा मारलेला असतो, हद्द सांगायला. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं घाण वास असेल. तसा नसतो. कुणीतरी जवळपास सुवासिक तांदूळ शिजत ठेवलाय असं वाटतं, आणि ते नुसतं वाटणं नाही. सुवासिक तांदळाला जो वास देतो तोच रासायनिक घटक वाघाच्या फवाऱ्यात असतो. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञानं त्यावर बरीच वर्षं काम केलं. उपाशीपोटी सकाळी आठ वाजता हा वास आला की मला भूक लागते. हे मी एकदा जिप्सीतल्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना ते खोटं वाटलं.

दुसरा दिवस टेकडीच्या मागच्या बाजूला होता. काहीच मिळालं नाही. 5 किलोमीटरमध्ये एक तडसाची पांढरी पडलेली विष्ठा आणि सायाळीचा एक काटा. वाघ नाही, बिबट नाही, रानकुत्रा नाही. सोबतचा नवीन पोरगा कंटाळला. म्हणाला, "मॅडम, त्या अंगाला पाणवठा आहे, तिकडून मारू ना एक चक्कर, काहीतरी भेटेल." मी नाही म्हटलं. त्या पाणवठ्याचा भाग पहिल्या दिवशीच्या वाटेत येऊन गेला होता. मागच्या बाजूला वाघ फिरत नसेल तर फिरत नाही अशीच नोंद जायला हवी. निरंक.

जुने लोक यावर हसतात. त्यांच्या काळात ठसा मिळाला की त्यावर काच ठेवायची, काचेवर स्केचपेननं गिरवायचं, कागदावर उतरवायचं, शिवाय प्लास्टरचा साचा. प्रत्येक वाघाचं पाऊल वेगळं, ते ओळखता येतं, असा समज. कोरा कागद घेऊन साहेबापुढं उभं राहायची कुणाची छाती नव्हती. कुठं ना कुठं पाऊल मिळायचंच. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते आणि 2005 मध्ये लक्षात आलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतरच ही आताची पद्धत आली, 2006 पासून. म्हणून मला वाटतं, तीन दिवस चालून रिकामं परत आलेल्या माणसाची नोंद ही या कामातली सगळ्यात महाग नोंद आहे. ती कुणी मागत नाही, तिचा फोटो निघत नाही, आणि ती खोटी लिहिणं सगळ्यात सोपं असतं.

त्या रात्री आम्ही संरक्षण कुटीवर राहिलो. चुलीवर आलू-वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, तेलात परतलेला ठेचा. मामांनी भाकर चुलीच्या कडेला उभी करून पापुद्रा सुटेपर्यंत शेकली. रात्री चितळाचा इशारा दोनदा झाला, मग लांबून सांबराचा एकच, ठणठणीत. पोरगा उठून बसला. मामा म्हणाले, "झोप. ते आपल्यासाठी नाई ओरडून रायले."

लाईनचं चालणं मात्र अगदी वेगळं. इथं निवड नाही. रेषा आधीच आखलेली असते, झाडांवर रंगाच्या खुणा, 2 किलोमीटर सरळ. वाट नाही. मध्ये चिल्हाटी आली तर चिल्हाटीतून, घळ आली तर उतरून. सकाळी साडेसहाला सुरुवात, एका रांगेत, बोलायचं नाही. चितळ दिसलं की थांबायचं, किती ते मोजायचं, त्यात पिल्लं किती, होकायंत्रावर दिशा, दुर्बिणीसारख्या यंत्रातून अंतर, सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये. जनावराला कळायच्या आत. एकदा ते बुजलं की अंतर चुकलं.

भरतीचा माझा वेग इथं धरला तर ही लाईन अर्ध्या तासात संपेल. आम्हाला दीड ते दोन तास लागतात. एवढं हळू चालणं शरीराला अवघड जातं. गुडघे दुखतात, पाय कुठं ठेवायचा ते आधी ठरवावं लागतं, पानाच्या खाली काडी आहे का ते बुटाच्या तळव्याला कळावं लागतं. मामा रबरी चपलांवर चालतात आणि त्यांचा आवाज होत नाही. माझ्या जाड तळव्याच्या बुटांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

पहिल्या सकाळी 11 चितळं मिळाली, दोन रोही आणि एक भेकर. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं नीलगाय फक्त पेपरात असते. दर 400 मीटरवर थांबून भोवतालची झाडं, झुडपं, गवत लिहायचं. साग, धावडा, मोईन, तेंदू, पुन्हा साग. मग 20 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद पट्टा धरून त्यातल्या लेंड्या मोजायच्या. हे वाचून लोक हसतात, पण या कामात मामांना तोड नाही. चितळाची एका टोकाला निमुळती, सांबराची मोठी, आणि रोही एकाच जागी येऊन येऊन टाकतो, त्याचा ढीग होतो. पोरग्याला त्यांनी लेंडी चिमटीत फोडून दाखवली. आत गवताचे धागे होते की पानाचा चुरा, यावरून कुठं चरलं ते सांगितलं. पोरग्यानं नंतर हात नाल्यात तीनदा धुतले.

तिसऱ्या सकाळी, लाईन संपायला थोडं राहिलं असताना, फासा सापडला. पुढचा माणूस अडखळला नाही म्हणून बरं. बोरीच्या बुंध्याला दुचाकीच्या क्लचची वायर बांधलेली, गाठ खाली, फंदा बाजूच्या दोन काड्यांवर सैल ठेवलेला, चितळाच्या मानेच्या उंचीवर. वायरीवर गंज नव्हता. रानडुकरासाठी असेल, चितळासाठी असेल. फाशाला ते कळत नाही. गळ्यात वायर रुतलेले वाघ टिपेश्वरात याआधी दिसलेले आहेत. मी फोटो काढले, जागा नोंदवली, वरिष्ठांना कळवलं, वायर कापून पिशवीत घातली. मग त्या बोरीच्या भोवताली आम्ही जमीन बघितली, आणखी आहेत का. त्या सकाळच्या लाईनला पावणेतीन तास लागले. गस्त आणि गणना वेगळ्या असतात असं प्रशिक्षणात शिकवतात. पायाला ते वेगळं कळत नाही.

अभयारण्याची हद्द संपते तिथं पऱ्हाटी सुरू होते. मध्ये काही नाही, कधी कधी एक नाला. जानेवारीत बाया कापूस वेचत असतात आणि आम्ही जंगलातून बाहेर निघालो की विचारतात, "दिसला का वं?" 2019 च्या जूनमध्ये याच हद्दीवरून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासासाठी रेडिओ कॉलर बसवलेली होती, कागदावर नाव सी-1. पुढं सगळं जग त्याला वॉकर म्हणू लागलं. तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीचा चालत डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर 1300 किलोमीटर झाले होते. नंतर कॉलर काढेपर्यंत एकूण 3 हजारांच्या वर गेले. भारतात नोंद झालेलं वाघाचं एवढं लांब चालणं दुसरं नव्हतं.

पेपरांनी त्याला पराक्रमी केलं. मी एकदा त्या 1300 ला दिवसांनी भागलं. दिवसाला सरासरी 8-9 किलोमीटर पडले. म्हणजे तोही पळत नव्हता. उसात, तुरीत दिवस काढायचा, जनावर मारायचं, खायचं, रात्री पुढं सरकायचं. मामांचं म्हणणं त्याहून कोरडं आहे: "त्याले जागा नाई भेटली. भेटली असती त कायले गेला असता बुलढाण्याले?" टिपेश्वरात वाघ वाढले, जागा तेवढीच राहिली. जिप्सीतल्या पाहुण्यांना वॉकरची गोष्ट आवडते, पण तिच्यातला हा भाग सांगितला की ते पुढचा वाघ कुठं दिसेल ते विचारतात.

पुण्यात नोकरी करणारी माझी एक मैत्रीण दर पावसाळ्यात सह्याद्रीत फिरते. भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. ती म्हणते, तुमच्याकडं एवढं जंगल आहे, तीन दिवसांची पायवाट का काढत नाही, तंबू ठोकून, गाइड घेऊन? गावच्या पोरांना कामही मिळेल. कामाचं तिचं म्हणणं खोटं नाही. पण सह्याद्रीत घाटवाटा माणसांनी माणसांसाठी पाडल्या, बैल, मीठ, धान्य त्यांवरून चढलं-उतरलं. टिपेश्वरातल्या पायवाटा जनावरांनी पाडल्यात आणि रात्री त्या चालू असतात. तिथं आपला तंबू म्हणजे कुणाच्या तरी रस्त्यात बसणं. शिवाय 148 चौरस किलोमीटरमध्ये तीन दिवस चालायला लागलं तर पहिल्या दिवसाच्या मुक्कामाचा धूर दुसऱ्या दिवशीही दिसेल.

चालणारे लोक आमच्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. नवरात्रात यवतमाळकडून आर्णीमार्गे माणसं पायी माहूरला जातात, धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडून रेणुकेच्या गडावर. राखीपौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते, डोंगरातून, चिखलातून, रात्रभर. माझी मावशी अनवाणी करते. तिला विचारलं की कसं जमतं, तर म्हणते, मागचे ढकलतात. मैत्रिणीला मी तिकडं ये म्हटलंय. उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे, टिपेश्वरच्या दुपटीहून मोठं; ते बघायचं तर नियमानं, गाडीतून. सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात बघावा, उन्हाळ्यात तिथं नुसता काळा खडक असतो. ती अजून आलेली नाही.

गणना संपल्यावर काम थांबत नाही. मोबाइलला रेंज मिळेल अशा जागी जाऊन सगळ्या नोंदी पाठवायच्या, कागदी फॉर्म तपासून द्यायचे, मजुरांची हजेरी भरायची. 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम सुरू, म्हणजे त्याआधी जाळरेषा साफ. ज्या नाल्यात आम्ही दव बघत बसलो होतो तिथं मार्चमध्ये खराटे घेऊन पाला ओढत होतो.

निकाल 2023 मध्ये आला. महाराष्ट्रात 2018 ला 312 वाघ होते, ते 444 झाले. पेपर कुटीवर दोन दिवस उशिरा पोचला. मी मामांना वाचून दाखवला.

"त्याच्यात आपल्या बीटचे किती?"

"मामा, बीटचे वेगळे नसतात. सगळ्या राज्याचे मिळून."

"अन् त्या दुसऱ्या रोजी काईच भेटलं नोतं, ते?"

"तेही त्यात आहे."

ते पटल्यासारखं दिसलं नाही. पेपर उलटा करून मागच्या पानावरचा कापसाचा भाव त्यांनी मला वाचायला लावला. नंतर म्हणाले, पुढच्या गणनेला ते कामावर नसतील, वय झालं. नातवाला लाईन दाखवून ठेवायची आहे, एखादा दिवस काढा. "पन झाडाचा रंग पुसून गेला मॅडम. घळीच्या पलीकडं त दिसतच नाई. तो मारून घ्या पयले."